पाहुण्याच्या ताटातली ज्वारी

हरभरा निघाला की वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या शिवारातली जमीन उघडी पडते. फाल्गुनापासून मृगाच्या पावसापर्यंत, म्हणजे वर्षातले तीन महिने तरी, काळ्या मातीवर ना पीक असते ना पाचोळा. कुटार गुरांना नाहीतर व्यापाऱ्याला गेलेले असते, पऱ्हाट्या आणि धसकटे धुऱ्यावर गोळा करून पेटवलेली असतात आणि ट्रॅक्टरने उलथलेली ढेकळे वैशाखाच्या उन्हात भाजत पडतात. असे स्वच्छ वावर ही चांगल्या कास्तकाराची खूण मानली जाते. मग पहिला जोराचा पाऊस येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घालून कमावलेला वरचा थर गढूळ पाण्याबरोबर नाल्याला लागतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मातीचा कस वाहून जाण्याची ही गोष्ट मांडली होती. बंधारे घालून पाणी शेतात मुरवावे असे त्यांनी सांगितले आणि त्याच पुस्तकात शेतकऱ्याच्या मुलांच्या शिक्षणाची मागणी केली. माती आणि शाळा हे त्यांच्या लेखी वेगळे विषय नव्हते. आज ते दोन खात्यांत विभागले गेले आहेत आणि दोन्हींची हालत आपण पाहतो आहोत.

रिजनरेटिव्ह शेती, म्हणजे मातीचा कस परत आणणारी शेती, तिच्या जोडीला पाहुण्यांचा मुक्काम आणि गावाचे शिक्षण, हे तिन्ही एकत्र आणण्याची भाषा अलीकडे बरीच कानावर येते. बहुतेक वेळा ती जोडधंद्याच्या हिशेबाने बोलली जाते. शेती परवडत नाही, मग दोन खोल्या बांधा, शहरातली माणसे बोलवा. मला हा हिशेब उलटा वाटतो. आसेगावात पाहुणचार उभा राहायचा असेल तर तो माती सुधारण्याचे साधन म्हणून उभा राहिला पाहिजे, आणि त्याचा पहिला पाहुणा शेजारच्या गावचा कास्तकार असला पाहिजे. असे का म्हणतो, ते ज्वारीपासून सांगावे लागेल.

चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत वऱ्हाडातले खरिपाचे वावर म्हणजे कपाशी आणि ज्वारी, मध्ये तुरीचे, मुगाचे, उडदाचे तास आणि कडेला अंबाडी. ज्वारीने माणसाला भाकर दिली आणि बैलाला कडबा. कडब्यावर गुरे जगली, गुरांमुळे उकिरडा भरला आणि उकिरड्यातले शेणखत पुन्हा वावरात गेले. सोयाबीन आले ते या साखळीतला पहिलाच दुवा काढून. त्यात कास्तकाराचा मूर्खपणा नव्हता. शंभर दिवसांत पीक हाती येते, दिवाळीला पैसा होतो, मागून हरभरा घेता येतो, राखण करावी लागत नाही. त्याच्या जागी कोणीही असते तर हेच पेरले असते. पण कडबा गेला तशी गुरे गेली, गुरे गेली तसे शेणखत गेले, आणि मातीतला सेंद्रिय कर्ब टिकवण्याचा घरचा मार्ग बंद झाला. सोयाबीनचा पाला मऊ, लवकर कुजून संपणारा. ज्वारीची मुळे आणि धसकटे मातीत जास्त काळ टिकतात. आता त्या सोयाबीनचाही भरवसा उरलेला नाही. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात बाजार समित्यांमध्ये माल त्याच्या खाली विकला गेला. त्यातच ऐन काढणीत सुडी पावसात भिजली की शेंगेतच कोंब फुटतात.

मग ज्वारी परत का पेरत नाहीत? हा प्रश्न शहरातला माणूस फार सहज विचारतो. उत्तर वावरात उभे राहिल्यावर कळते. शिवारात एकट्याने एकरभर ज्वारी पेरली तर साऱ्या पंचक्रोशीतली पाखरे त्या एकरावर उतरतात. रोही आणि रानडुकरे रात्री येतात. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या आसपासच्या गावांना हरणांच्या कळपांचाही अनुभव आहे. शंभर एकर ज्वारी असेल तर हेच नुकसान वाटले जाते, कोणाला जाणवतही नाही. एकट्याच्या एकरावर मात्र ते सगळे पीक नेते. उघड्या जमिनीचेही असेच आहे. एखाद्याने ठरवले की पिकाचे अवशेष वावरातच ठेवायचे, माती झाकलेली ठेवायची, तरी उन्हाळ्यात मोकाट सुटलेली गावची गुरे ते चरून जातात. जिथे ही अडचण सुटली तिथे ती साऱ्या गावाने ठरवून सुटली. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली ती ग्रामसभेत.

माती सुधारणे हे एका सात-बाऱ्याचे काम नाही, ही गोष्ट रिजनरेटिव्ह शेतीवरच्या बहुतेक लिखाणात मला सापडत नाही. तिथे एक धाडसी शेतकरी असतो, त्याची एक हिरवी शेती असते, आणि बाजूचे शिवार चित्राबाहेर राहते. वऱ्हाडात हे चित्र टिकत नाही. शेजाऱ्याने माझ्यासोबत ज्वारी पेरली नाही तर माझी ज्वारी पाखरांची. म्हणून गावाचे शिक्षण ही या कामातली शोभेची बाजू नाही. ते आधी झाले नाही तर पुढचे काहीच होत नाही.

आणि पाहुणचार? तो ताटात येतो. ज्वारी, अंबाडी, बरबटी, तीळ, जवस, भगर, गावरान वांगी यांना बाजार समितीत दर तरी नाही किंवा गिऱ्हाईक तरी नाही. व्यापाऱ्याला एकाच जातीचा ट्रकभर माल हवा असतो. दहा पिकांचे दहा पायलीभर ढीग तो घेत नाही. वेगवेगळी पिके विकत घेणारे गिऱ्हाईक एकच, आणि ते म्हणजे पंगत. पंगतीला भाकर लागते, ठेचा लागतो, अंबाडीची भाजी लागते, तुरीचे सोले लागतात, पाटवडीचा रस्सा लागतो, थंडीच्या तोंडावर वाणी ज्वारीचा हुरडा लागतो. साधा हिशेब करून पाहावा. शंभर ग्रॅम पिठाची एक भाकर धरली तर क्विंटलभर ज्वारीच्या हजारेक भाकरी होतात. दहा रुपयांना एक भाकर म्हटले तरी दहा हजार रुपये झाले. ज्वारीचा क्विंटलमागे बाजारभाव त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. मधला फरक म्हणजे दळण, सरपण आणि भाकर थापणाऱ्या बाईचे श्रम. तो फरक तिच्या हातात पडणार का, हा या साऱ्या योजनेतला कसोटीचा प्रश्न आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. तूर्त एवढेच की जी पिके मातीला हवी आहेत आणि बाजाराला नको आहेत, त्यांचा खर्च ताट काढू शकते.

ही कल्पना बाहेरून आणावी लागत नाही. इर्जिक आपल्याकडे होतेच. एखाद्याचे वावर मागे पडले की शेजारचे आपापले बैल नि वखर घेऊन यायचे, एका दिवसात काम उरकायचे, आणि ज्याचे वावर त्याने सगळ्यांना जेवू घालायचे. शेती, पाहुणचार आणि एकमेकांच्या हाताखाली शिकणे, तिन्ही त्या एका दिवसात होत. मुक्कामातून शिक्षण ही तर विदर्भाची खास परंपरा. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, त्यांच्याच जोडीने शाळा आणि वसतिगृहे उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवले ते सर्व जातींच्या मुलांनी एका छताखाली राहावे, एकत्र जेवावे म्हणून. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली आणि सेवाग्रामात शेत, चरखा आणि स्वयंपाकघर यांतून मुले गणित, विज्ञान, आरोग्य शिकली. बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पावर १९६७ पासून तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. सकाळी घाम गाळायचा, नंतर विचार ऐकायचा. या सगळ्या ठिकाणी पाहुणा काम करतो, आणि त्या कामातून शिकतो. हा धागा आपल्या हातात असताना युरोपातल्या द्राक्षमळ्यांच्या गोष्टी नमुना म्हणून सांगायची मला गरज दिसत नाही.

आजच्या महाराष्ट्रात हे तिन्ही धागे जिथे उघड एकत्र दिसतात ते ठिकाण म्हणजे नेरळजवळची सगुणा बाग. अमेरिकेत शिकून परतलेल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८०च्या दशकात तिथे कृषी पर्यटन सुरू केले, तेव्हा हा शब्द फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. मुंबईची कुटुंबे आणि शाळांच्या सहली तिथे जाऊ लागल्या. पुढे त्याच शेतावर भाताची एसआरटी पद्धत आकाराला आली: एकदाच गादीवाफे करायचे, पुन्हा नांगरायचे नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, साच्याने छिद्रे पाडून बी टोकायचे, पीक कापून घ्यायचे आणि मुळे, बुडखे जमिनीतच कुजू द्यायचे. गांडुळे वाढतात, माती वाहत नाही, कोकणातल्या बाईचे चिखलात वाकणे सुटते. पुढे ही पद्धत भातापलीकडे गेली आणि विदर्भातल्या कपाशी-सोयाबीनच्या वावरांतही तिचे प्रयोग झाले.

सगुणा बागेतून मी जो निष्कर्ष काढतो तो पर्यटनाच्या नफ्याविषयी नाही. नांगर सोडून देण्याचा प्रयोग फसला तर वर्ष बुडते. ज्याच्या घरात फक्त शेतीचाच पैसा येतो तो असा प्रयोग करू शकत नाही, कितीही पटला तरी. पाहुण्यांचा पैसा ही धास्ती उचलतो. पाच एकरांतल्या अर्ध्या एकरावर कास्तकाराला चुकण्याची मोकळीक मिळते. हे पीक विम्याने होत नाही, कर्जमाफीनेही होत नाही.

एसआरटी पद्धतीवरचा एक आक्षेपही इथेच सांगितला पाहिजे. एसआरटीत तण आवरायला तणनाशक वापरतात, आणि नैसर्गिक शेतीवाल्यांना ते मुळीच मान्य नाही. नांगराने माती मोडायची की तणनाशकाने तण मारायचे, यात मातीचे नुकसान कशाने कमी होते, यावर प्रामाणिक माणसांचे दुमत आहे. माझे म्हणणे एवढेच की पाहुण्याला हिरवे वावर दाखवताना हा वाद झाकू नये. जिथे वाद दाखवला जातो तिथेच काही शिकता येते. ‘विषमुक्त’ अशी पाटी लावून मागच्या दाराने डबा आणणारे शेत कोणाचाच शिक्षक होऊ शकत नाही.

पण सगुणा बाग जशीच्या तशी आसेगावात येणार नाही. नेरळला मुंबईची लोकल जाते. वाशीम जिल्ह्याला आता समृद्धी महामार्ग आहे. ५ जून २०२५ ला तो शेवटच्या टप्प्यासह ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला, शेलूबाजारला उतरता येते. तरीही त्या रस्त्यावरची गाडी नागपूरहून शिर्डी-मुंबईला निघालेली असते, आणि तिला आडवाटेला वळवायचे तर मोठा फलक, मोठे लॉन, पोहण्याचा तलाव असला प्रकार सुरू होतो. त्या वाटेने गेले तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. महामार्गालगतच्या जमिनी अकृषक होतील, विहिरीचे पाणी तलावात जाईल आणि ज्वारी शोभेपुरती चार ओळी उरेल. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. आसेगावात मुक्कामाला येणाऱ्याला याहून जास्त मिळू नये, आणि का मिळत नाही हे त्याला पहिल्याच संध्याकाळी सांगितले जावे. ज्याला हे चालत नाही त्याने महामार्गावरूनच पुढे जावे.

वऱ्हाडच्या कास्तकाराला पाहुण्यांचा एक वेगळा, कडवट अनुभवही आहे. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झाले, त्यात वाशीम होता. त्या आधी आणि नंतर कितीतरी वर्षे खेड्यात गाडी थांबली की उतरणारा माणूस मेलेल्या कास्तकाराचे घर विचारायचा: पत्रकार, अभ्यासक, समितीचे सदस्य, पुढारी. घरच्या बाईने चहा करायचा आणि पुन्हा तेच सगळे सांगायचे. ते पाहुणे दुःख घेऊन गेले, काही देऊन गेले नाहीत असे मी म्हणणार नाही. पण त्या नात्यात यजमान कायम याचक राहिला. येणारा माणूस शिकायला आला, यजमान सांगतो आहे आणि पाहुणा लिहून घेतो आहे, असे झाले तर या प्रदेशाचे जगाशी असलेले नाते बदलते. मला पाहुणचाराच्या पैशापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

म्हणूनच पहिला पाहुणा कास्तकार हवा. यवतमाळचे सुभाष शर्मा पन्नासेक वर्षे शेती करताहेत. रासायनिक शेतीत पोळल्यावर त्यांनी वाट बदलली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे वावर पाहायला दूरदूरचे कास्तकार येतात. कारण कास्तकार भाषणावर विश्वास ठेवत नाही, ढेकूळ हातात घेऊन चुरून पाहतो. पण अशा एका माणसाच्या दाराशी जाऊन परत येणे, प्रभावित होणे आणि घरी पूर्वीसारखेच पेरणे, हेही फार होते. यावरचा उपाय श्रीपाद दाभोळकरांनी दाखवून ठेवला आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या या माणसाने प्रयोग परिवार उभा केला. त्यात गुरू नव्हता. तासगावच्या द्राक्षबागाईतदारांपासून घरच्या गच्चीवर भाजी लावणाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या जागेवर प्रयोग करायचा, मोजायचे, लिहायचे आणि दुसऱ्याला कळवायचे. दहा गुंठ्यांत कुटुंब कसे जगेल हा त्यांचा प्रश्न होता आणि उत्तर शोधणारे दहा गुंठेवालेच होते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने हेच वेगळ्या वाटेने केले: ग्रामसभेत निर्णय घेण्याआधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, बाहेरचा जाणकार बोलवायचा, पण ठरवायचे गावाने.

आसेगावात यांतले काय शक्य आहे? पहिली दोन वर्षे एकही खोली बांधू नये. शाळेच्या वर्गात, मंदिराच्या सभामंडपात, कोणाच्या ओसरीवर मुक्काम होऊ शकतो. पेरणीआधी एकदा, डवरणीच्या वेळी एकदा, काढणीला एकदा असे शेजारच्या गावांतले कास्तकार दोन दिवसांसाठी यावेत. त्यांनी वावरात खड्डा खणून मुळे पाहावीत, पाणी किती वेळात मुरते ते घड्याळ लावून मोजावे, आणि रात्री जेवून मुक्काम करावा. रात्रीचा मुक्काम गरजेचा आहे, कारण नुकसानीची, कर्जाची, फसलेल्या प्रयोगाची खरी गोष्ट जेवणानंतरच निघते. पाण्याच्या चळवळीत हे सिद्ध झाले आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ पासून गावकऱ्यांना आधी मुक्कामी प्रशिक्षण मिळाले, दुसऱ्या गावात राहून, तिथले काम पाहून. आणि मग श्रमदान झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र यांनी माती तपासून द्यावी, आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावेत. शहरातले पाहुणे तिसऱ्या वर्षी आले तरी चालतील, आणि येतील ते पोहरादेवीची यात्रा, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, कारंजाचे गुरुमंदिर पाहायला आलेले, साध्या जेवणाची चाड असलेले.

आता भाकरीच्या त्या फरकाकडे येतो. पाहुणचाराचे श्रम आपल्याकडे बायकांचे आणि फुकटचे. घरात पाहुणा आला की पुरुष ओसरीवर गप्पा मारतो आणि बाई चुलीपुढे. हेच जर ‘ग्रामीण अनुभव’ म्हणून विकायचे असेल तर ते न केलेले बरे. स्वयंपाक बचत गटाने घ्यावा, दर गटाने ठरवावा, पैसे गटाच्या खात्यात जावेत. जिल्ह्याजिल्ह्यात बचत गटांसाठी काम करणाऱ्या माविम आणि उमेदचे जाळे आहे. त्याला कर्ज वाटण्याखेरीज हे काम द्यावे. आणि बाई फक्त चुलीपुढे दिसू नये. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे देशी बियाण्यांविषयी बोलतात तेव्हा शास्त्रज्ञ ऐकतात. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यात बायका रानभाज्या रांधून मांडतात तेव्हा ती पाककृतींची स्पर्धा असते आणि वनस्पतींचा वर्गही. बियाणे राखण्याची, निवडण्याची विद्या बहुतेक घरांत आजीकडे असते. तिला शिक्षिका म्हणून मानधन द्यावे.

ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचे काय, हेही विचारले पाहिजे. यंत्राने काढणी होत गेली तसे मजुराचे दिवस कमी झाले. वेगवेगळ्या पिकांची शेती हाताला काम देते. त्या कामाची मजुरी वाढली नाही तर मातीचा फायदा झाला आणि माणसाचा नाही असे होईल. पंगतीचेही तेच. वऱ्हाडातल्या किती गावांत अजून कोणाच्या हातचे कोण जेवत नाही, हे आपण सगळे जाणतो. तांड्यावरची बाई, बौद्धवाड्यातली बाई त्या स्वयंपाकात नसेल आणि पंगत एकच नसेल, तर बाहेरच्या माणसाला तिथे बसवून ‘आमची संस्कृती’ म्हणण्याचा अधिकार गावाला नाही. माझ्या दृष्टीने ही अट ज्वारीच्या आधीची आहे.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. शेतकऱ्यांबरोबर सहकारी संस्थांनाही त्यातून केंद्र काढता येते, ही त्यातली चांगली वाट आहे. त्याला एक जोड द्यावी: नोंदणीचे नूतनीकरण करताना माती परीक्षणाचा जुना आणि नवा अहवाल शेजारी शेजारी ठेवावा. कर्ब घटला असेल तर ते केंद्र शेतीचे नाही, हॉटेल आहे. त्याने हॉटेलचा कर भरावा. आणि गावाने एकत्र नोंदणी केली तर एकट्याच्या नोंदणीपेक्षा जास्त सवलत मिळावी, कारण राखण, चराई आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकट्याला झेपत नाहीत हे सरकारने मान्य केले पाहिजे.

गावाला सुरुवात करायला मात्र मुंबईहून मंजुरी येण्याची वाट पाहायची गरज नाही. १ मेची ग्रामसभा पेरणीच्या आधी पाच-सहा आठवडे येते. त्या दिवशी ठरले की अमुक धुऱ्यापासून अमुक नाल्यापर्यंत सलग पंचवीस एकर ज्वारी आणि त्यात तूर, राखणीची पाळी घरटी लागेल, हरभरा निघाल्यावर त्या पट्ट्यात गुरे सुटणार नाहीत, आणि पहिल्या हुरड्याला शेजारच्या चार गावांना बोलावणे जाईल, तर मृगाला बियाणे हाती हवे. वाणीचे बी कोणाच्या घरात अजून आहे, एवढे एप्रिलमध्येच विचारून ठेवावे लागेल.